पिशवी फाटली, कांडी सरकली

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर, विशेषतः मधुमेह असेल तर, डोळ्याच्या मागच्या पडद्याला (रेटिनाला) सूज येऊ शकते. मग कधी कधी डोळ्याच्या मागच्या पोकळीत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडची कांडी सुईने सोडतात. जेमतेम ६ मिलिमीटर लांब, शेवईच्या तुकड्यासारखी. ती काही महिने औषध देत विरघळून जाते.

गोम आहे ती पिशवीत. मोतीबिंदू काढताना भिंगाची पातळ पिशवी आत ठेवून तिच्यात कृत्रिम भिंग बसवतात. हीच पिशवी डोळ्यातला आडपडदा. ती मागून फाटलेली असली, तर कांडी पुढे घसरून कॉर्नियाच्या, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाच्या, आतल्या थराला टेकू शकते. तिथल्या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. कॉर्निया सुजतो, नजर धुरकटते. कांडी तातडीने मागे ढकलावी किंवा काढावी लागते. उशीर झाला तर कॉर्नियाच बदलायची वेळ येते. डोळ्याचा दाब वाढणं त्या मानाने नेहमीचं; तो साधारण दोन महिन्यांनी चढतो, बहुधा थेंबांनी उतरतो.

जुन्या ऑपरेशनचा कागद सुईआधी डॉक्टरांना दाखवावा. पिशवी शाबूत होती का, हे सहसा त्यातच लिहिलेलं असतं.