कॅथलिक परंपरेतील मृतांचे स्मरण

धर्मप्रांत : बिशपच्या अधिकारातील विभागाला धर्मप्रांत म्हणतात; उदाहरणार्थ, डहाणू-तलासरीचा परिसर ज्यात मोडतो, तो वसई धर्मप्रांत १९९८ मध्ये मुंबई महाधर्मप्रांतातून वेगळा करण्यात आला.

अंत्यविधी : १९६९ च्या सुधारित विधिग्रंथानुसार घर, चर्च आणि दफनभूमी अशा तीन टप्प्यांत प्रार्थना होतात, व त्यांच्या केंद्रस्थानी मिस्सा, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस अर्पण करण्याची उपासना असते.

प्रवचन आणि मनोगत : धर्मगुरूंचे प्रवचन बायबलमधील वाचनांवर आधारलेले असते आणि त्याची जागा गुणगौरवपर भाषणाने घेऊ नये असा नियम आहे, मृताची कुटुंबवत्सलता, विनोदी स्वभाव, चर्चमधील सेवा यांच्या आठवणी आप्तजन मिस्साच्या अखेरीस, अंतिम निरोपापूर्वी थोडक्यात सांगू शकतात.

दफन आणि दहन : दफनाला प्राधान्य असले, तरी १९६३ पासून दहनासही अनुमती आहे, मात्र २०१६ च्या व्हॅटिकन निर्देशानुसार अस्थी विखुरता येत नाहीत, त्या सामान्यतः पवित्र स्थळीच ठेवाव्या लागतात.

मृतांचा दिन : १ नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणानंतर, २ नोव्हेंबरला सर्व मृतांसाठी प्रार्थना केली जाते, या तारखेच्या प्रथेचे श्रेय फ्रान्समधील क्लूनी मठाचे प्रमुख संत ओदिलो यांना दिले जाते.