अंगावरचा काटा येतो कुठून?

मुळशी तालुक्यातल्या एखाद्या गावात सप्ताह चालू असताना रात्री देवळात जाऊन बसावं आणि गाणाऱ्यांऐवजी ऐकणाऱ्यांकडे पाहावं. बुवा अभंगाचं एकच चरण घोळवत वर चढवत नेतात, पखवाजाची लय वाढते, टाळ दाटून येतात, आणि पार मागे भिंतीला टेकून बसलेल्या म्हातारीची मान नेमक्या ठोक्यावर हलते. तिनं तालाचं शिक्षण घेतलेलं नाही. तरी ठोका कुठे पडणार हे तिच्या मानेला आधीच कळलेलं असतं.

माणूस संगीत ऐकतो म्हणजे काय करतो, याचं अर्धं उत्तर त्या मानेत आहे. उरलेलं अर्धं शोधायला मी फार दूरचं उदाहरण घेतो आहे: अमेरिकन संगीतकार सॅम्युअल बार्बर यांचा चेलो कॉन्चेर्टो. एक चेलोवादक आणि समोर अख्खा वाद्यवृंद, अशी ही तीन भागांची, अर्ध्या तासाला थोडी कमी पडणारी रचना. बार्बर यांनी ती 1945 मध्ये लिहिली. लिहायला बसण्याआधी त्यांनी रशियन वळणाच्या वादक राया गार्बुसोव्हा यांच्याकडून त्यांच्या संग्रहातल्या रचना वाजवून घेतल्या आणि या वाद्याच्या पोटात काय काय दडलं आहे ते ऐकून ठेवलं. 5 एप्रिल 1946 रोजी बोस्टनमध्ये गार्बुसोव्हा यांनीच ती प्रथम सादर केली. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कच्या संगीत समीक्षकांनी तिला पुरस्कार दिला. तरीही बार्बर यांचीच ‘अडाजिओ’ ही रचना आणि व्हायोलिन कॉन्चेर्टो यांच्या वाट्याला जेवढे श्रोते आले, तेवढे हिच्या वाट्याला आले नाहीत. कुणी या रचनेवर जीव टाकतं, कुणाला ती हाताला लागत नाही.

असं का होतं, हे पहिल्या भागातच कळतं. सूर जुळतोय असं वाटेपर्यंत तो तुटतो, लय वळण घेते, चेलो खर्जातून थेट टिपेला जातो. चेलोची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे 65 कंपनांवर बोलते, सर्वांत बारीक तार 220 वर. त्याहून कितीतरी वर जायचं, तर वादक डाव्या अंगठ्याची कड तारेवर आडवी दाबतो आणि उरलेली बोटं त्याच्या पुढे, घोडीच्या दिशेनं चालवतो. आपला सारंगिया नखाच्या मुळाशी तार अडवतो. दोघांच्याही हाताला ती जागा वर्षानुवर्षं घोटून करून घ्यावी लागते. बार्बर यांनी हा कॉन्चेर्टो असा लिहिला, की आजही कसलेले वादक तो अवघड मानतात.

मग दुसरा भाग सुरू होतो आणि सगळं बदलतं. पाळण्यासारखी डुलती लय. चेलो एक संथ, उदास धून गातो आणि ती पुरी व्हायच्या आत ओबो, म्हणजे सनईच्या कुळातलं वाद्य, तीच धून मागून धरतो. एकाचं वाक्य संपायच्या आधी दुसऱ्याचं तेच वाक्य सुरू. बुवांच्या ओळीवर टाळकरी ओळ उचलतात, पण ते बुवा थांबल्यावर. इथे दोन्ही आवाज एकमेकांत गुंतून चालतात आणि ऐकणाऱ्याला एकच गोष्ट एकाच वेळी आठवतेही आणि घडतानाही दिसते. पहिल्या भागात अवघडलेले श्रोते इथे सैल होतात, याचं मला नवल वाटत नाही.

हे सैल होणं मोजताही येतं. 1991 मध्ये जॉन स्लोबोडा या इंग्लिश मानसशास्त्रज्ञानं श्रोत्यांना विचारलं, की रडू नेमकं कुठे येतं आणि काटा नेमका कुठे येतो. अगदी जागा दाखवा. उत्तरांत एक शिस्त निघाली. मुख्य सुरावर बसण्याआधी शेजारच्या सुराला ओझरतं टेकून येणाऱ्या जागी डोळे भरत होते, आणि स्वरमेळ अनपेक्षितपणे बदलला की काटा येत होता. पहिली जागा ख्याल ऐकणाऱ्याला कुणी समजावून सांगायला नको. गवई कणस्वराला स्पर्श करून गंधारावर विसावतो तेव्हा ‘अहाहा’ तिथेच निघतो.

पुढे 2011 मध्ये माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सलीमपूर, रॉबर्ट झटोरे आणि सहकाऱ्यांनी माणसांना त्यांच्या अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवत मेंदूचं चित्रण केलं. लोकांनी आणलेल्या त्या संगीतात बार्बर यांचं ‘अडाजिओ’ही होतं. काट्याच्या क्षणी मेंदूत डोपामिन हे आनंदाशी जोडलेलं रसायन स्रवलं, यात फारसं आश्चर्य नव्हतं. आश्चर्य पुढे आहे. तो क्षण येण्याच्या आधीच्या काही सेकंदांत, मेंदूच्या एका वेगळ्या भागात, डोपामिन आधीच स्रवू लागलं होतं. वाट पाहणं हाच आनंदाचा पहिला हप्ता होता!

आपल्या संगीतानं या वाट पाहण्याला घरच बांधून दिलं आहे. त्या घराचं नाव सम. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभरही चालू शकतं. गवई कुठेही भटकून आला, तरी बाराव्या मात्रेच्या आसपास हजार माणसांचा श्वास एकत्र धरला जातो आणि समेवर तो एकत्रच सुटतो. भीमसेन जोशी यांनी गुरूंच्या स्मरणार्थ 1953 पासून पुण्यात भरवलेल्या सवाई गंधर्व महोत्सवात हे दर वर्षी डोळ्यांनी पाहता येतं. दाद तिथे गाण्याच्या आतच मिसळते.

कॉन्चेर्टोच्या श्रोत्यांना ही मुभा आज नाही. तिन्ही भाग संपेपर्यंत टाळी वाजवायची नाही, हा रिवाज. पण तो रिवाज अलीकडचा. 1813 मध्ये व्हिएन्नात बेथोव्हेन यांची सातवी सिंफनी प्रथम वाजली, तेव्हा श्रोत्यांनी मधला दुसरा भाग तिथल्या तिथे पुन्हा वाजवून घेतला होता. आपण ‘वन्स मोअर’ म्हणतो तसा. म्हणजे शांत बसणारा श्रोता थंड नसतो. 2006 मध्ये स्थापन झालेला सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आणि आपले गवई, दोघेही मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात कला सादर करतात. एकाच वास्तूत एक सभा दाद रोखून धरते, दुसरी सांडून टाकते. आत चाललेली वाट पाहण्याची क्रिया मात्र एकच.

म्हणून बार्बर ‘कळत नाहीत’ असं म्हणणाऱ्याला मी कानात दोष आहे असं म्हणणार नाही. वाट कशाची पाहायची, हे त्या कानाला अजून माहीत नाही, इतकंच. देवळातल्या त्या म्हातारीनंही पहिल्या दिवशी मान हलवली नव्हती. लहानपणापासून तेच अभंग, तेच ठेके कानावर पडत गेले आणि ठोका तिच्या अंगात मुरला. फोनवर या कॉन्चेर्टोचा फक्त दुसरा भाग लावा आणि आठवड्यात तीन-चार वेळा ऐका. चेलोनं धून सुरू केली, की आता ओबो कधी येतो याची वाट तुम्ही आपोआप पाहू लागाल. ज्या दिवशी तो यायच्या आधीच तुमची मान हलेल, त्या दिवशी ही रचना तुमची झाली.