रत्नांचे आकरज गुण आणि पैलूकाम

जुन्या दप्तरांत जवाहीरखान्याच्या यादी पुष्कळ आढळतात. त्यांत हिरा, माणिक, पाच, नीळ यांची नांवें, नग, वजन व किंमत इतकेंच बहुधा असतें. संशोधकांचें लक्ष स्वाऱ्यांच्या व तहांच्या कागदांकडे अधिक असल्यामुळें या यादी रुमालांत तशाच पडून राहतात. परंतु रत्न एका हातांतून दुसऱ्या हातांत गेलें कीं त्यास नवें रूप देण्याचा मोह नव्या धन्यास होतो. आणि एकदां तें चाकावर चढलें कीं त्याचें पूर्वरूप कायमचें नाहींसें होतें. मग त्या पूर्वरूपाचा साक्षीदार म्हणून ती यादीच काय ती उरते. ही साक्ष नीट वाचतां यावी एवढ्याकरितां रत्नें कोठून येत, कशीं घडवीत व तीं घडविण्यांत कोणाची दृष्टि काय असे, याचें थोडें विवेचन येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या रत्नशास्त्राचे मुख्य ग्रंथ म्हणजे वराहमिहिराच्या बृहत्संहितेंतील रत्नाध्याय, बुद्धभट्टाची रत्नपरीक्षा, गरुडपुराणांतील तद्विषयक अध्याय व अगस्तिमत हे होत. प्राकृतांत ठक्कुर फेरूची रयणपरिक्खा इ. स. १३१५ ची आहे. यांपैकीं संस्कृत ग्रंथांचा संग्रह फिनो या फ्रेंच पंडितानें १८९६ सालीं प्रसिद्ध केला. या ग्रंथांत रत्नाचा आकर म्हणजे खाण, वर्ण, गुण, दोष व मूल्य यांचा विचार क्रमानें येतो. हिऱ्याविषयीं सांगतांना सहा कोटी, आठ पार्श्वें व बारा धारा हे त्याचे आकरज गुण म्हटले आहेत. दोन चौरस सूच्या तळाशीं तळ लावून जोडल्या असतां जी आकृति होते तिचीं टोकें, पृष्ठें व कडा मोजून पाहाव्या. बरोबर सहा, आठ व बारा भरतात. हिऱ्याचा स्फटिक खाणींत निसर्गतःच पुष्कळदां या आकाराचा सांपडतो. तेव्हां हें वर्णन घडविलेल्या हिऱ्याचें नसून अस्पृष्ट हिऱ्याचें आहे, हें उघड होय. पोथींत ‘षडश्रि’ किंवा ‘षट्कोण’ असा शब्द आल्यास सहा पैलू पाडलेला हिरा असा अर्थ करण्याची घाई करूं नये. अगस्तिमतांत तर शस्त्रानें छेदलेला किंवा वारंवार घासलेला हिरा आपला गुण गमावतो, असा अभिप्राय आढळतो. सारांश, उत्तम हिरा खाणींतूनच उत्तम यावा, कारागिरानें त्यास शक्य तों हात लावूं नये, हें आपल्या प्राचीन परीक्षकांचें मूळ सूत्र होतें.

हिऱ्यावर ओरखडा उठविणारा पदार्थ हिराच. म्हणून त्याचें काम त्याच्याच पुडीनें, तेल लावून, फिरत्या चाकावर करावें लागतें. तथापि इतका कठीण असूनहि आठ पार्श्वांना समांतर अशा दिशांनीं तो नेमक्या आघातानें सरळ दुभंगतो. ही खुबी आपल्या कारागिरांस ठाऊक होती. सतराव्या शतकांतील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये यानें दक्षिणेंतील खाणींवर हें काम पाहून लिहून ठेविलें आहे. तो म्हणतो कीं, दगड स्वच्छ असला तर येथील कारागीर वजन घटेल या भीतीनें त्यास वरखालीं चाक लावण्यापलीकडे कांहीं करीत नाहींत. मात्र आंत डाग किंवा चीर असली तर ती झांकण्यासाठीं सर्वांगावर बारीक पैलू पाडतात. यादी वाचणारानें ही गोष्ट ध्यानांत बाळगावी. आज बहुपैलू हिरा ही प्रशंसा आहे. त्या काळीं तो दोषाचा पडदाहि असूं शके.

युरोपीय पैलूकामाची दृष्टि निराळी आहे. हिऱ्यांत शिरलेला प्रकाश आंतल्या पृष्ठावर सुमारें साडेचोवीस अंशांहून अधिक तिरकस पडला तर तो बाहेर न जातां आंतच परावर्तन पावतो. पैलूंचे कोन हिशेबानें साधले तर वरून आलेला प्रकाश फिरून वरच येतो आणि हिरा झळाळतो. याकरितां वजनाचा बळी द्यावा लागतो. आपल्याकडे विस्तार, पाणी व वजन राखून, कोंदणांत मागें डांक म्हणजे चकचकीत पातळ पत्रा घालून तेज आणीत. एकांत कारागीर दगडास प्रकाशाच्या नियमाप्रमाणें वळवितो, दुसऱ्यांत तो दगडाच्या जन्मसिद्ध आकारास अनुसरतो. दोहोंसहि सौंदर्यदृष्टि आहे. एकीस अडाणी म्हणणें न्याय्य नव्हे.

रंगीत रत्नांत दगडाचें अंतरंग ओळखूनच काम करावें लागतें. माणिक व नीळ हे वस्तुतः एकाच कुरुंद जातीचे दगड. ब्रह्मदेशांतील मोगोक माणकांसाठीं व सिंहलद्वीपांतील रत्नपुराचा प्रदेश निळांसाठीं प्रसिद्ध आहे. सिंहली निळांत रंग पुष्कळदां एखाद्या ठिपक्यापुरताच असतो. कुशल कारागीर तो ठिपका तळाशीं येईल असा दगड धरतो, म्हणजे वरून पाहतां सर्व रत्न निळें दिसतें. कांहीं दगडांत सूक्ष्म सुयांसारखे कण तीन दिशांनीं पसरलेले असतात. असा दगड योग्य अक्ष साधून घुमटासारखा घासला तरच त्यावर षट्किरण तारा उमटतो. पैलू पाडल्यास तो नष्ट होतो. तेव्हां यादींत घुमटदार माणिक आढळल्यास तो अर्धवट घडविलेला आहे असें समजूं नये.

आतां पुनर्घटनेनें काय होतें तें पाहूं. इ. स. १६६५ त औरंगजेबाच्या दरबारीं ताव्हर्नियेनें जो मोठा हिरा पाहिला, त्याचें मूळ वजन त्यानें ९०० रती दिलें आहे. होर्तेन्सियो बोर्जिस या व्हेनिसच्या कारागिरानें तो घांसून ३१९॥ रतींवर आणला. मजुरी मिळणें दूरच, उलट त्यास दहा हजार रुपये दंड झाला. कोहिनूर १८५२ सालीं लंडनमध्यें ३८ दिवस चाकावर होता. आजच्या मापानें सुमारें १९१ कॅरटांचा तो १०५.६ कॅरट उरला. आम्हां महाराष्ट्रीयांस अधिक जवळचें उदाहरण नाशिकच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हिऱ्याचें. १८१८ त पेशवाईच्या अखेरीस तो इंग्रजांच्या हातीं पडला. तेव्हां तो त्रिकोणी, जुन्या मापानें ८९॥। कॅरटांचा होता. लंडनच्या रंडेल आणि ब्रिज या पेढीनें त्याचा मूळ आकार सांभाळून, अकराएक कॅरट खर्चीं घालून तो पुन्हां घडविला. १८३७ त तो वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसनें घेतला. पुढें १९४० सालीं न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांनीं तो चौकोनी घाटाचा केला व वजन ४३.३८ कॅरट राहिलें. पेशव्यांनीं पाहिलेला त्रिकोण आतां फक्त वर्णनांत व आकृतींत आहे.

वजनावरून तरी रत्न ओळखावें, तर तेथेंहि जपून चालावें लागतें. ताव्हर्निये आपली रती सातअष्टमांश कॅरटाची धरतो; म्हणून त्याच्या हिशेबानें ३१९॥ रतींचे सुमारें २७९॥ कॅरट होतात. पण सोनारांची सुमारें १२१ मिलिग्रॅमची रती धरली तर तेंच वजन आजच्या १९४ कॅरटांजवळ येतें, म्हणजे पुनर्घटनेपूर्वींच्या कोहिनुराच्या अगदीं शेजारीं! शिवाय १५२६ त आग्र्यास मिळालेल्या हिऱ्याचें वजन बाबरानें सुमारें आठ मिस्काल दिलें आहे. मिस्कालाच्या चाळीस रती या त्याच्याच मानानें तें ३२० रती होतें. हे तिन्ही हिरे एकच, असें मॅस्केलिन यांच्यासारख्या विद्वानांस वाटलें तें यामुळेंच. उलट ताव्हर्निये आपल्या हिऱ्याचा आकार अर्ध्या अंड्यासारखा सांगतो, आणि तो चपट्या कोहिनुराशीं जुळत नाहीं. इतका मोठा वाद एका ‘रती’ शब्दावर उभा आहे. खाणींवरील मंजेलीन या वजनाचीहि तीच गत. तें रावळकोंड्यास पावणेदोन कॅरट, तर गोवळकोंडें व विजापूर या राज्यांत त्याहून कमी होतें. कॅरट देखील सर्वत्र एक नव्हता. २०० मिलिग्रॅमचें आजचें मान १९०७ नंतर रूढ होत गेलें.

यावरून संग्राहकांस आमची विनंती अशी. जवाहिराची यादी उतरतांना रती, गुंज, मासा हे शब्द व पाव, निम, पाऊण यांच्या उभ्या रेघा जशाच्या तशा घ्याव्या. आपल्या मनानें कॅरट करूं नयेत. आकार, पैलू, छिद्र, कोंदण, डाग यांविषयींचा एकहि शब्द गाळूं नये. यादी कोणत्या गांवीं व कोणाच्या तराजूनें झाली हें लिहिलेलें असल्यास तें प्रथम टिपावें. जवाहिऱ्यांच्या घरांतील लहान चोपड्या, ज्यांत दर, वजनाचें कोष्टक किंवा रत्नपरीक्षेचे चार श्लोक असतील, त्या रद्दींत जाऊं देऊं नयेत. कारण अशा एखाद्या कोष्टकावरूनच त्या पेठेंतील रती केवढी होती हें ठरतें. रत्न पुन्हां घडवितां येतें; घडविण्यापूर्वींचें रत्न मात्र कागदाखेरीज अन्यत्र सांपडत नाहीं.