उशिरा चढलेला निळा रंग

सुटलेली एसटी गाठायला आपण धावत सुटतो, तेव्हा पहिल्या काही सेकंदांची ताकद श्वासातून येत नाही. प्राणवायूचा पुरवठा वाढायला वेळ लागतो. तोवर स्नायू स्वतःजवळच्या शिल्लकीवर भागवतात. ही शिल्लक हुडकणाऱ्यांत आंध्रातल्या भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. आणि तिचा सुगावा लागला तो एक रंग वेळेवर चढेना म्हणून!

१९२३ मध्ये सुब्बाराव बोस्टनला पोचले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्के यांच्यासोबत त्यांनी फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली. १९२५ मध्ये ती प्रसिद्ध झाली. नमुन्यात आम्ल आणि मॉलिब्डेट घालायचं, मग आणखी एक रसायन, की द्रावण निळं होतं. फॉस्फेट जितकं जास्त, तितका निळा गडद. साध्या फॉस्फेटला हा रंग काही मिनिटांत पुरता चढतो.

स्नायूचा अर्क घेतला तेव्हा मात्र रंग आधी फिकट आला आणि मग हळूहळू गडद होत राहिला. दुसऱ्या कुणी रसायन जुनं झालं म्हणून तो नमुना मोरीत ओतला असता. या दोघांनी तो उशीरच अभ्यासाला घेतला. स्नायूतलं बरंचसं फॉस्फेट मोकळं नव्हतंच, ते क्रिएटिन नावाच्या रेणूला बिलगून होतं. आम्लात ही जोडी हळूहळू सुटत होती, आणि सुटेल तसा रंग चढत होता. आधीच्या पद्धती इतक्या संथ की मोजेपर्यंत सगळी जोडी तुटून जाई. म्हणून जो तो त्याला साधं फॉस्फेटच समजत आला होता.

ही जोडी म्हणजेच फॉस्फोक्रिएटिन, स्नायूंची ती शिल्लक; १९२७ चा शोध. स्नायू आकुंचन पावत राहिला की ते घटतं, विसावला की पुन्हा भरतं. ब्रिटनमध्ये एगलटन दांपत्यालाही ते त्याच वर्षी सापडलं. १९२९ मध्ये फिस्के-सुब्बारावांनी स्नायूतून एटीपी, म्हणजे स्नायूला थेट ऊर्जा देणारा रेणू, वेगळा काढला. जर्मनीत कार्ल लोमान यांनीही त्याच वर्षी.

तोवर लॅक्टिक आम्लामुळेच स्नायू आकुंचन पावतो असं मानलं जाई. त्या संशोधनाला १९२२ चं नोबेलही मिळालं होतं. पुढे डेन्मार्कच्या लुंड्सगार्ड यांनी स्नायूला असं विष दिलं, की लॅक्टिक आम्ल तयारच होऊ नये. तरी स्नायू आकुंचन पावतच राहिला, फॉस्फोक्रिएटिन संपेपर्यंत.