बोरीबंदरला उतरा आणि चालू लागा : मुंबईच्या गल्लीबाजारात एक दिवस

सकाळी मुंबईला जाऊन रात्री परत यायचं ठरलं, की बहुतेकांची यादी गेटवेला सुरू होते आणि जुहूला संपते. निम्मा दिवस मग टॅक्सीतच जातो. खरेदी आणि खाणं हेच निमित्त असेल, तर इतकी वणवण करायची गरज नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या, म्हणजे जुन्या बोरीबंदरच्या, उत्तरेला, पायी सहज फिरता येईल एवढ्या टापूत, एकेका वस्तूला वाहिलेल्या गल्ल्या आहेत. एका गल्लीत नुसत्या लेस, दुसरीत दिवे, तिसरीत तांब्या-पितळेची भांडी. वस्तू आता घरबसल्याही मागवता येतात. पण तीच एक वस्तू वर्षानुवर्षं हाताळलेला दुकानदार समोर बसून तिच्यातलं बरंवाईट समजावून सांगतो, ते इथेच. पुण्या-नाशिकहून एका दिवसासाठी जाणाऱ्यांनी या बाजाराचा फायदा कसा घ्यावा, त्याची ही माहिती.

वार कोणता, गाडी कोणती

रविवार टाळा. मंगळदास मार्केट आणि भुलेश्वरची बरीचशी दुकानं तेव्हा बंद असतात. चोर बाजारातली दुकानं शुक्रवारी बंद असतात. त्यामुळे सोमवार ते गुरुवार किंवा शनिवार सोयीचा. गणपती आणि दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात भुलेश्वरमध्ये पाऊल ठेवायला जागा नसते. मुद्दाम गर्दी अनुभवायची असेल तरच तेव्हा जा. पावसाळ्यात कापड आणि कागद भिजण्याची भीती असते, म्हणून हिवाळा सगळ्यांत चांगला.

पुणेकरांसाठी डेक्कन क्वीन. १ जून १९३० पासून धावणारी ही गाडी पुण्याहून सकाळी सव्वासातच्या सुमारास निघते आणि साडेदहाच्या आत मुंबईला पोचवते. परतीला ती संध्याकाळी पाचनंतर लगेच सुटते. नाशिककरांना पंचवटी एक्स्प्रेस आहे. ती संध्याकाळी सहानंतर परत निघते. वेळा बदलत असतात, तेव्हा आरक्षण करतानाच वेळापत्रक पाहून घ्या. म्हणजे हातात साधारण साडेसहा-सात तास येतात. तेवढ्यात सगळं होत नाही. म्हणून सकाळ सगळ्यांची सारखी ठेवून दुपारी दोन वाटांपैकी एक निवडायची, असा आराखडा पुढे दिला आहे.

सुरुवात धोबी तलावापासून

स्टेशनवरून मेट्रो सिनेमाच्या दिशेने दहा-पंधरा मिनिटं चाललं, की क्यानी अँड कंपनी लागते. हे इराणी हॉटेल १९०४ सालचं. बनमस्का, चहा आणि मावा केक एवढं मागवलं तरी पुरे. सामिष खाणाऱ्यांनी खिमा-पावही घ्यावा. मस्का पावाला सढळ हाताने लावलेला असतो, आणि तो चहात बुडवून खायचा. इथे पोट गच्च भरू नका, दिवसभर खायचंच आहे.

तिथून लोकमान्य टिळक मार्गाने सरळ चालत गेलं, की समोर क्रॉफर्ड मार्केटचा मनोरा दिसतो.

क्रॉफर्ड मार्केट : आधी मान वर करा

ही इमारत १८६९ मध्ये पूर्ण झाली. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचं नाव तिला दिलं गेलं. आज तिचं अधिकृत नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. आत शिरण्याआधी प्रवेशद्वारावरची दगडी शिल्पं पाहा. शेतात राबणारी माणसं त्यांत कोरलेली आहेत. ती जवळच्याच जे. जे. कला शाळेत शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंग यांनी घडवली. लेखक रुडयार्ड किपलिंग हे त्यांचे चिरंजीव.

फळांचा घाऊक व्यापार वाशीला गेला, तरी किरकोळ विक्री इथे जोरात आहे. फळं, सुका मेवा, परदेशी चॉकलेट, चीज, सौंदर्यप्रसाधनं असा माल एकाच छपराखाली मिळतो. घरी केक करणाऱ्यांसाठी तर हा परिसर म्हणजे पर्वणीच. साचे, क्रीमची नोझल, खायचे रंग, केकची खोकी असं सगळं आसपासच्या दुकानांत आहे. शेजारच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर पेनं, वह्या, भेटवस्तूंचे कागद आणि खेळणी मिळतात, तर लोहार चाळीत दिवे आणि विजेचं सामान. गल्लीचा विषय आधी ओळखायचा आणि तो आपल्या कामाचा असेल तरच आत शिरायचं. नाहीतर अकराचा एक कधी वाजला ते कळत नाही.

मंगळदास मार्केट : कापड कसं पाहावं

रस्ता ओलांडला की कापडाचं हे झाकलेलं मार्केट. अरुंद बोळ, दोन्ही बाजूंना उंचावर गाद्या, त्यांवर बसलेले दुकानदार आणि मागे छतापर्यंत रचलेले तागे. तुम्ही बोट दाखवायचा अवकाश, की तागा खाली येतो, एका झटक्यात दोन-तीन मीटर कापड गादीवर पसरतं आणि दुसरं टोक तुमच्या हातात येतं. पसंती झाली की लोखंडी मीटरने माप, कात्रीचा एक छेद आणि पुढे सरळ रेषेत टर्रकन फाडलेलं कापड. सुती कापड धाग्याच्या रेषेत फाटतं, त्यामुळे तुकडा तिरका निघत नाही.

मीटरचा भाव विचारण्याआधी पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, विचारा. एकाच भावाच्या दोन कापडांत एकाचा पन्हा ३६ इंची आणि दुसऱ्याचा ४४ इंची असेल, तर एकाच कुर्त्याला लागणारं कापड वेगळं, आणि खर्चही वेगळा. घरून निघतानाच शिंप्याला विचारून दोन्ही पन्ह्यांची मापं लिहून आणावीत.

अजरख आणि कलमकारीचे ढीग इथे भरपूर आहेत. त्यांतलं ठशांनी छापलेलं कोणतं आणि यंत्रावरचं कोणतं, हे ओळखता येतं. लाकडी ठसा हाताने उचलून पुन्हा टेकवावा लागतो. त्यामुळे दोन ठशांच्या सांध्यावर नक्षी केसभर सरकते, एखाद्या ठिकाणी रंग दाटतो. पाच-सहा फूट नक्षी कुठेही न हलता तशीच उमटली असेल, तर ते काम यंत्राचं. यंत्राची छपाई घेण्यात काहीच गैर नाही, फक्त तिला ठशांच्या छपाईचा भाव देऊ नये. दुकानदाराला सरळ विचारा. बहुतेक जण खरं सांगतात, आणि विचारणारं गिऱ्हाईक पाहून चांगला तागाही काढतात.

ब्लाउजपीस जुळवायची असेल तर साडी सोबतच न्या. रुबियाच्या रंगांच्या थप्प्या इथे इतक्या असतात, की मोबाइलवरच्या फोटोवरून रंग जुळवणं निव्वळ अंदाजपंचे ठरतं.

मंगळदासला लागूनच जामा मशीद आहे. ती एका जुन्या तळ्यावर उभी आहे आणि ते तळं आजही आत आहे.

दुपारची पहिली वाट : मुंबादेवी आणि भुलेश्वर

शिवणकाम, सजावट, पूजा किंवा स्वयंपाकघरासाठी खरेदी असेल, तर झवेरी बाजारातून मुंबादेवीकडे वळा. ज्या देवीवरून शहराचं नाव पडलं, तिचं मूळ देऊळ बोरीबंदरच्या बाजूला होतं. पुढे ते इथे हलवलं गेलं. जवळच तांबाकाटा हा भांड्यांचा बाजार. तांब्या-पितळेची भांडी इथे वजनावर विकतात. पितळेचं पातेलं स्वयंपाकासाठी हवं असेल तर कल्हई केलेलंच घ्या. आंबट पदार्थ उघड्या पितळेत टिकत नाही, कळकतो.

पुढे भुलेश्वरमध्ये लेस, बटणं, गोंडे, टिकल्या, खडे, देवाचे पोशाख आणि नकली दागिने. बरीच दुकानं घाऊक आहेत. लेसचा अख्खा गुंडा आणि बटणांचं पूर्ण पाकीटच घ्यावं लागतं, सुटं देत नाहीत. मैत्रिणींनी किंवा जावा-जावांनी मिळून गेलं तर हाच नियम फायद्याचा होतो. गुंडा वाटून घ्यायचा, भाव घाऊक.

या गर्दीच्या मधोमध पांजरापोळ आहे. १८३४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या आवारात आजही गाईगुरं बांधलेली दिसतात. महानगरातल्या सर्वांत दाट बाजारपेठेत गोठ्याचा वास येतो, गाई शांतपणे चारा खाताना दिसतात. दहा मिनिटं इथे नक्की काढा.

जेवण काळबादेवीच्या श्री ठाकर भोजनालयात. १९४५ पासूनची ही खानावळ एका गल्लीत, जिना चढून वर आहे. गुजराती थाळी, आग्रह करून वाढणारे वाढपी, आणि पोट भरेपर्यंत गरम फुलके. इथे घाईने जेवू नका, पाऊण तास हाताशी ठेवा.

दुपारची दुसरी वाट : चोर बाजार

जुन्या वस्तूंची ओढ असणाऱ्यांनी क्रॉफर्ड मार्केटहून टॅक्सीने मटण स्ट्रीट गाठावा. ग्रामोफोन, कॅमेरे, पितळी मुठी, कुलपं, चिनी मातीची भांडी, जहाजांवरचे दिवे, एनॅमलच्या जाहिरातपाट्या आणि हिंदी सिनेमांची पोस्टर्स अशा मालाने दुकानं खचाखच भरलेली असतात. जुन्याबरोबर जुनं भासवलेलंही इथे असतं, म्हणून पारख महत्त्वाची.

ग्रामोफोन घेताना चावी पूर्ण भरून एक तबकडी वाजवायला सांगा. ७८ च्या गतीची दहा इंची तबकडी साधारण तीन मिनिटं चालते. तेवढ्यात गती मंदावली तर स्प्रिंग थकली आहे. चकचकीत पितळी कर्णा आणि नवं लाकूड असलेले नग बहुधा शोभेसाठी अलीकडे जुळवलेले असतात. पोस्टर जुनं असेल तर कागद पातळ, घड्यांच्या खुणा पक्क्या, आणि बऱ्याचदा तळाशी छापखान्याचं नाव. गुळगुळीत जाड कागदावरची प्रत स्वस्तच मिळायला हवी. चिनी मातीच्या भांड्यावर टिचकी मारून पाहा. आवाज खणखणीत आला तर घ्या, बद्द आला तर कुठेतरी तडा आहे.

जुन्या दगडी किंवा धातूच्या मूर्तींच्या फंदात पडू नका. शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येतात. मूर्तींची नोंदणी लागते, आणि मूर्ती कुठून आली हे न कळता ती घेणं कुणाच्या तरी देवळावर अन्याय करणारंही ठरू शकतं.

खाण्यासाठी इथून भेंडी बाजाराकडे या. बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइस्क्रीम १८८७ पासूनचं. संच्यात, हाताने फिरवून केलेलं आइस्क्रीम इथे मिळतं. फळांच्या मोसमात गेलात तर ताज्या फळांचंच मागा. मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाल्यांकडे मालपुवा आणि मातीच्या वाटीतली फिरनी. भेंडी बाजाराचा मोठा पुनर्विकास सुरू आहे. जुन्या चाळी जाऊन टॉवर उभे राहत आहेत, म्हणून जुना बाजार पाहायचा असेल तर बेत पुढे ढकलू नका.

परतीला सँडहर्स्ट रोडहून लोकल पकडली, की मशीद बंदर आणि मग थेट टर्मिनस. दुपारी या दिशेला गर्दी कमी असते.

भाव करण्याची रीत

किरकोळ दुकानात घासाघीस चालते, घाऊक दुकानात नग वाढवून भाव उतरवला जातो. म्हणून "कमी करा" म्हणण्याऐवजी "पाच घेतले तर काय लावाल" असं विचारा. चोर बाजारात मात्र पहिल्या आकड्यापासून बरंच खाली येता येतं. वस्तू घ्यायचीच नसेल तर भाव पाडत बसू नये. दुकानदाराने हो म्हटल्यावर पाठ फिरवणं इथे उद्धटपणा समजतात. सुटे पैसे जवळ ठेवा.

सोबत काय, सांभाळायचं काय

मजबूत कापडी पिशव्या, मापाची टेप, पाण्याची बाटली, बंद बूट. पाकीट पुढच्या खिशात, बॅग पोटाशी. बाजारात स्वच्छतागृहं शोधणं अवघड जातं, तेव्हा जिथे खायला बसाल तिथेच सोय पाहा.

गल्लीत हमालांना आणि हातगाड्यांना आधी वाट द्या. डोक्यावर तागे घेतलेल्या माणसाला मध्येच थांबता येत नाही. मागून हाक आली की भिंतीला लागून उभं राहायचं. फोटो काढण्याआधी विचारा.

गाडीआधीचा अर्धा तास

गाडीच्या अर्धा तास आधी टर्मिनसपाशी या. वेळ असेल तर क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या बादशाहमध्ये फालुदा घ्या. हे दुकान १९०५ सालचं. टर्मिनससमोरच्या आराममध्ये वडापाव आणि पियुष हाही चांगला पर्याय. मग १८८७-८८ मध्ये उभी राहिलेली, २००४ पासून जागतिक वारशात असलेली स्टेशनची इमारत रस्त्यापलीकडून एकदा निवांत पाहा.

पहिल्या खेपेला दोनच गल्ल्या झाल्या तरी चालेल. त्या दोन गल्ल्यांत दुकानदारांशी नीट बोललात, तर कापड, भांडं किंवा जुनी वस्तू कशी पारखायची हे तुम्हाला कळेल, आणि ती पारख पुढच्या प्रत्येक खरेदीत उपयोगी पडेल. अशी विचारून घेणारी गिऱ्हाइकं येत राहिली, तरच जाणकार दुकानदार या गल्ल्यांत टिकतील.