मॅडम, कौलं कधी फोडणार?

जून लागला की माझ्या वर्गात नवी मुलं येतात आणि त्यांच्या मागोमाग त्यांचे वडील. मुलगा चपला कुठं काढायच्या ते शोधत असतो, वडील भिंतीवरचे फोटो बघत असतात. मग जरा जवळ येऊन हळूच विचारतात, "मॅडम, कौलं कधी फोडायला शिकवणार?" सव्वीस वर्षं वर्ग चालवतेय, एक जून या प्रश्नाशिवाय गेलेला नाही. आमच्या हॉलवर मंगलोरी कौलंच आहेत. मी वर बोट दाखवते आणि म्हणते, "फोडायची तर हीच आहेत. मंडळाच्या अध्यक्षांची परवानगी तेवढी आणा."

त्यांचा तरी काय दोष? १९७३ साली ब्रूस लीचा 'एंटर द ड्रॅगन' आला आणि पुढची पंधरा वर्षं गावोगावची पोरं भिंतींना लाथा मारत सुटली. (त्या सिनेमात ब्रूस ली कुंग-फू करतो, कराटे नाही, पण हे सांगायला गेलं की लोक माझ्याकडे कीव आल्यासारखं बघतात.) आमच्या सांगलीत मी शाळेत असताना गणपतीत कराटेची प्रात्यक्षिकं व्हायची. बर्फाच्या लाद्या फोडायच्या, कौलांची चळत फोडायची आणि शेवटी एकानं आडवं पडायचं, त्याच्या पोटावरून मोटारसायकल न्यायची. टाळ्या मोटारसायकललाच जास्त पडायच्या. ते बघून बाबांनी माझ्या भावाला क्लासला घातलं. मी त्याची सोबत. अंधार पडला की त्याला गल्लीतल्या कुत्र्यांची भीती वाटायची, म्हणून मला पाठवायचे. तीन महिन्यांत भाऊ क्रिकेटकडे गेला आणि मी राहिले. १९८६ साल, वय बारा, तीस मुलांत आम्ही दोन मुली.

कौलं फोडण्यात कराटे नसेल तर मग ते आहे कशात? हे पालकांना सांगताना मी नेहमी शाळेपासून सुरुवात करते. जपानच्या दक्षिणेला ओकिनावा नावाचं बेट आहे. तिथं ही विद्या घरातल्या घरात, गुपचूप शिकवली जायची. १९०१ मध्ये अंको इतोसू नावाच्या गुरूंनी ती शाळेच्या कवायतीत आणली. मुलांना झेपतील असे पाच सोपे 'काता' त्यांनी बांधून दिले. काता म्हणजे समोर शत्रू आहे असं धरून ठरावीक क्रमानं करायच्या हालचाली. त्यांचेच शिष्य गिचिन फुनाकोशी हे पेशानं शाळामास्तर. १९२२ मध्ये त्यांनी टोकियोत प्रात्यक्षिक केलं आणि कराटे ओकिनावाबाहेर पसरायला लागलं. म्हणजे आज आमच्या हॉलमध्ये मुलं रांगेत उभी राहून जे करतात ते मुळातच शाळेच्या पटांगणासाठी घडवलेलं आहे. आपल्याकडे व्यायामशाळांची चळवळ उभी राहत होती तो काळही साधारण हाच.

'कराटे' हा शब्द पूर्वी 'चिनी हात' अशा अर्थाच्या अक्षरांनी लिहीत. पुढं उच्चार तोच ठेवून 'रिकामा हात' असं लिहायला लागले. २५ ऑक्टोबर १९३६ ला ओकिनावातल्या नाहा शहरात जुन्याजाणत्या गुरूंची बैठक झाली आणि तिथं यावर शिक्कामोर्तब झालं. तो दिवस ओकिनावात आता कराटे दिन म्हणून साजरा होतो. ही तारीख लक्षात ठेवा, पुढं काम आहे.

वर्गात शिरलं की पहिली अडचण आकड्यांची. आम्ही जपानी आकडे मोजतो: इची, नी, सान, शी. चारवर आलं की नवीन पोरं तोंडावर हात ठेवून खुसखुसतात. लहान मुलाला मराठीत 'शी' म्हणून दाखवा आणि गंभीर राहायला सांगा, जमत नाही. पाचवर 'गो' आलं की मालवणकडचा एखादा हमखास म्हणतो, "आमची आजी आईला अशीच हाक मारते." पहिला आठवडा हसण्यात जातो. दुसऱ्या आठवड्यात मूठ. बोटांची पेरं आत दुमडायची, अंगठा वरून आडवा घ्यायचा. अंगठा मुठीच्या आत कोंबून ठोसा मारला तर मोडतो तो आपलाच. ठोसा पहिल्या दोन बोटांच्या गाठींनी लागला पाहिजे आणि मनगट सरळ रेषेत हवं. एवढं नीट यायला दीड महिना लागतो. तेवढ्या काळात सिनेमा बघून आलेली अर्धी पोरं गळतात आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

सुट्या हालचाली घोटून घेणं म्हणजे किहोन. त्या ओवून झाला काता. आणि समोर खरा माणूस उभा राहिला की कुमिते. आमची पद्धत शोतोकान. तिच्यातला पहिला काता 'हेइआन शोदान', एकवीस हालचालींचा. जिथून सुरू केला तिथंच येऊन संपला पाहिजे. पाऊल एखाद्या ठिकाणी आखूड पडलं की शेवटी माणूस दोन फरशा बाजूला उभा असतो. सबब सांगायला जागाच नाही, फरशी दिसते.

आता यंदाच्या नव्या बॅचबद्दल. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शनिवारी अर्धा तास सुरू करतेय. त्यात कराटे कमी आणि उड्या, लोळणं, एका पायावर उभं राहणं जास्त. साठीच्या पुढच्यांसाठी मंगळवार-गुरुवार संध्याकाळी खुर्ची जवळ ठेवून तोल सांभाळायचा सराव. त्यांना लाथा नाहीत. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारून यावं. या दोन्हींविषयी जास्त सांगण्यासारखं नाही. सांगायचंय ते बायकांच्या बॅचबद्दल.

ती आम्ही गेल्या हिवाळ्यात महिनाभर करून बघितली. मी मोठ्या हुशारीनं वेळ ठेवली सकाळी साडेसहा. दोघी आल्या. चौथ्या दिवशी त्यांतली एक म्हणाली, "ताई, साडेसहाला आमच्याकडं नळाला पाणी येतं." तरी मी सांगलीतच जन्मले, वाढले! वेळ दुपारी अडीचची केली आणि अकरा जणी झाल्या. बॅंकेतून निवृत्त झालेल्या एक बाई, दोन शिक्षिका, शिवणकाम करणारी एक, बाकी घर सांभाळणाऱ्या, आणि मंडईत भाजी विकणाऱ्या एक मावशी. मावशींना सून घेऊन आली होती. पहिल्या दिवशी सून लाजून मागं राहिली आणि मावशी पदर खोचून पहिल्या रांगेत.

हात-पाय सगळ्यांना जमले. पंचवीस वर्षं कणीक मळलेले हात, त्यांत जोर असतोच. अडलं ते 'किआय'पाशी. किआय म्हणजे घाव घालताना दिलेली हाळी. ती समोरच्याला घाबरवायला असते असं वाटतं, पण तिचं पहिलं काम आपल्या अंगाशी आहे. ओरडताना श्वास झटक्यात बाहेर पडतो, पोटाचे स्नायू घट्ट होतात, घावाला कमरेचं बळ मिळतं आणि आपल्याला फटका बसला तर पोट तयार असतं. हेइआन शोदानमध्ये ती दोन ठिकाणी येते. मी म्हटलं, "ओरडा." अकरा जणींपैकी दहा जणींच्या तोंडून जे निघालं ते उंदीर बघितल्यावर निघतं त्याहून कमी होतं. बॅंकेतल्या बाई तर नुसत्या ओठ हलवत होत्या. नंतर म्हणाल्या, "मॅडम, पस्तीस वर्षं नोकरी केली, पण मोठ्यानं बोलल्याचं आठवत नाही."

मला हसू आलं नाही. मी क्लासला जायला लागले तेव्हा आजी बाबांना म्हणाली होती, "लाथा मारू दे हवं तर, पण ते किंचाळणं नको, माजघरात आवाज येतो." मी पहिलं वर्षभर किआय तोंडातल्या तोंडात दिला आणि त्यासाठी सरांच्या शिव्या खाल्ल्या.

अकराव्या होत्या मावशी. त्यांनी आवाज दिला आणि वळचणीची कबुतरं उडाली. सगळ्या जणी हसल्या, मग गप्प झाल्या. मावशी त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, "गळ्यातनं काढू नगा. गळ्यातनं काढला तर दुपारपातुर बसतुया. पोटातनं काढायचा." मला हे शिकायला तीन वर्षं लागली होती आणि त्या चाळीस वर्षं मेथीच्या जुड्या विकता विकता ते शिकल्या होत्या. पुढचे आठ दिवस किआय मावशींनीच शिकवला. बॅंकेतल्या बाई महिन्याच्या शेवटी ओरडल्या तेव्हा शेजारच्या दुकानातला पोरगा काय झालं म्हणून धावत आला.

मार्च जवळ आला की मला फोन येतात: आठ तारखेला महिला दिन आहे, दोन तासांत स्वसंरक्षण शिकवाल का? मी जाते, पण आधीच सांगते, दोन तासांत मी फक्त ओरडायला आणि पळायला शिकवेन. मनगट सोडवण्याचे डाव दाखवून फोटो काढता येतात, पण घोटून न घेतलेला डाव भीतीच्या क्षणी आठवत नाही. सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाईंच्या नावानं तीन महिन्यांचं आत्मरक्षा प्रशिक्षण असतं. ते निदान मूठ आणि आवाज येईपर्यंत तरी चालतं.

मुलांच्या पालकांचा दुसरा लाडका प्रश्न म्हणजे बेल्ट. पट्ट्याची पद्धत कराटेची नव्हेच, ती ज्युदोवाल्या जिगोरो कानो यांची. फुनाकोशींनी ती १९२४ मध्ये उचलली. पांढरा पट्टा न धुता वर्षानुवर्षं वापरून काळा व्हायचा ही गोष्ट तुम्हाला कुणी सांगितली तर ऐकून सोडून द्या. धुवा तो पट्टा, वास येतो. माझा पहिला काळा पट्टा एका संघटनेनं दिला होता. पैसे घेतले, जपानी अक्षरांचं देखणं प्रमाणपत्र दिलं. पाच वर्षांनी मुलांना स्पर्धेला न्यायची वेळ आली तेव्हा कळलं, त्या संघटनेला कुणी विचारत नाही. मी पुन्हा परीक्षा दिली, माझ्याहून लहान मुलांच्या रांगेत उभी राहून. म्हणून सांगते, मुलाला कुठंही घाला, पण प्रमाणपत्र कुणाचं आणि त्यावर कुठल्या स्पर्धेत उतरता येतं हे आधी विचारा. वर्षात चार बेल्ट देणारा क्लास दिसला तर लांबूनच नमस्कार करा. आमच्याकडची परीक्षा डिसेंबरात आहे आणि बसतील ते सगळे पास होणार नाहीत.

त्याआधी पावसाळ्यानंतर शालेय स्पर्धा लागतील. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट, प्रत्येकात वजनाप्रमाणे विभागणी. बघायला येणाऱ्यांसाठी एवढं पुरे: ठोशाला एक गुण, पोटावरच्या किंवा पाठीवरच्या लाथेला दोन, डोक्याकडच्या लाथेला तीन. पण जोरात लागलं तर मारणाऱ्याला गुण नाही, ताकीद मिळते. थांबवता आलं पाहिजे. ऑलिम्पिकचं विचाराल तर कराटे तिथं एकदाच होतं, २०२१ साली टोकियोत. पुरुषांच्या कातात सुवर्ण मिळवणारा र्‍यो कियुना ओकिनावाचाच. पुढं पॅरिसला हा खेळ वगळला.

आणि २५ ऑक्टोबर. २०१६ मध्ये या दिनानिमित्त नाहाच्या मुख्य रस्त्यावर जवळपास चार हजार माणसांनी एकत्र काता केला होता. यंदा त्या दिवशी आम्ही कृष्णेच्या घाटावर जेमतेम शंभर असू. तोवर पाणी उतरलेलं असतं, पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. याच कृष्णेनं २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या हॉलमध्ये शिरून सगळ्या मॅट कुजवल्या होत्या. चार वर्षांच्या पोरांपासून मावशींपर्यंत सगळे हेइआन शोदान करतील. मोटारसायकल आणि कौलं आणणार नाही. दोन्ही किआय मात्र पुलावर ऐकू आले पाहिजेत असं बायकांच्या बॅचनं ठरवलंय.

ही बॅच येत्या सोमवारपासून, सोमवार-बुधवार-शुक्रवार दुपारी अडीच ते साडेतीन. फी महिन्याला दोनशे, सासू-सून मिळून आल्या तर तीनशे. पांढरा ड्रेस लगेच घेऊ नका, सलवार-कमीज चालेल. पायाची नखं कापून या आणि बांगड्या घरी ठेवा.