उमेदवारीची अघोषित पूर्वफेरी आणि अनपेक्षित निकाल : विशेष संदर्भ सोलापूर जिल्हा

प्रस्तावना

निवडणुकीत मतदार आपला प्रतिनिधी निवडतो, हे नागरिकशास्त्रातील विधान अर्धेच खरे आहे. मतदारापुढे कोणती नावे ठेवावयाची, याचा निर्णय त्याआधीच झालेला असतो. अमेरिकेत हा पहिला निर्णयही बव्हंशी मतदारांकडे सोपविलेला असून त्या प्रक्रियेस ‘प्रायमरी’ अर्थात पूर्वनिवडणूक असे म्हणतात. भारतात तो पक्षश्रेष्ठींच्या हाती आहे. असे असूनही दुय्यम समजल्या गेलेल्या उमेदवाराने मातब्बरास पराभूत करावे, हा प्रकार दोन्हीकडे घडतो. त्याची कारणमीमांसा प्रस्तुत लेखात प्रामुख्याने सोलापूर जिल्ह्यातील उदाहरणांच्या आधारे केली आहे.

अमेरिकेतील पूर्वनिवडणूक

१९६८ च्या मार्च महिन्यात न्यू हॅम्पशायर राज्यातील पूर्वनिवडणुकीत युजीन मॅकार्थी यांनी विद्यमान राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांच्याविरुद्ध सुमारे ४२ टक्के मते मिळविली. मॅकार्थी तेथे हरले, परंतु महिनाअखेर जॉन्सन यांनीच माघार घेतली. त्याच वर्षी ह्युबर्ट हम्फ्री यांना एकही पूर्वनिवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मिळाली. त्यातून उद्भवलेल्या असंतोषामुळे पक्षाने नियम बदलले व पूर्वनिवडणुकांचे महत्त्व वाढले. बदललेल्या नियमांचा लाभ १९७६ मध्ये जॉर्जियाचे माजी गव्हर्नर जिमी कार्टर यांना झाला. आयोवा येथील पक्षसभांमध्ये सर्वाधिक कौल खरे तर ‘अद्याप कोणीही नाही’ या पर्यायास होता. कार्टर त्याखालोखाल होते, तथापि वृत्तपत्रांनी त्यांनाच विजयी मानले. राज्याराज्यांतील मतदान एकाच दिवशी न होता क्रमाक्रमाने होत असल्याने पहिल्या छोट्या राज्यातील अनपेक्षित यश पुढील राज्यांत निधी व प्रसिद्धी मिळवून देते. २००८ मध्ये बराक ओबामा यांच्या बाबतीतही आयोवापासूनच चित्र पालटले.

भारतातील स्थिती

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ पक्षांच्या नोंदणीविषयी बोलतो. पक्षाने उमेदवार कसा निवडावा, याविषयी तो मौन बाळगतो. १९६८ च्या निवडणूक चिन्ह आदेशानुसार अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत पक्षाची अधिकृत सूचना, म्हणजेच बोलीभाषेतील ‘एबी फॉर्म’, निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे पोहोचणे आवश्यक असते. वर्षानुवर्षांच्या कार्याचे मोल त्या कागदावर ठरते.

काँग्रेस पक्षाने २०१४ च्या लोकसभा निवडणुकीत मोजक्या मतदारसंघांत पूर्वनिवडणुकीचा प्रयोग केला. महाराष्ट्रात वर्धा व लातूर यांचा त्यात समावेश होता. मतदानाचा अधिकार पक्षाच्या पदाधिकाऱ्यांपुरताच होता. दोन्ही ठिकाणी पक्ष पराभूत झाला. मात्र त्या वर्षीची देशव्यापी लाट पाहता प्रयोगाच्या गुणावगुणांचा निवाडा त्या निकालावरून करणे उचित नव्हे.

पूर्वफेरी अधिकृतपणे होत नसली तरी ती टळत नाही. ती प्रत्यक्ष निवडणुकीतच उरकली जाते, एवढाच फरक. १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत ४५ अपक्ष निवडून आले. त्यांत उमेदवारी नाकारलेले काँग्रेसचे बंडखोर लक्षणीय संख्येने होते. २०२४ मध्ये सांगलीची जागा आघाडीच्या वाटपात शिवसेनेच्या ठाकरे गटाकडे गेली. काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि एक लाखाहून अधिक मतांनी विजयी झाले, तर आघाडीचा अधिकृत उमेदवार तिसऱ्या स्थानी राहिला.

पंढरपूर २००९

सोलापूर जिल्ह्यातील सर्वांत बोलके उदाहरण पंढरपूरचे आहे. मतदारसंघांच्या पुनर्रचनेत माळशिरसची जागा अनुसूचित जातींसाठी राखीव झाली. परिणामी तेथून दीर्घकाळ निवडून येणारे माजी उपमुख्यमंत्री विजयसिंह मोहिते-पाटील यांना नवा मतदारसंघ शोधावा लागला. पंढरपूरचे आमदार सुधाकरपंत परिचारक यांनी त्यांच्यासाठी जागा सोडली. नेत्यांच्या पातळीवर हिशोब पूर्ण झाला होता. प्रत्यक्षात भारत भालके यांनी मोहिते-पाटील यांचा सुमारे ३७ हजार मतांनी पराभव केला.

या निकालास केवळ ‘लाट’ म्हणणे सोपे, पण अपुरे आहे. पुनर्रचनेने मंगळवेढा तालुका पंढरपूरला जोडला गेला होता. पाण्याची आस धरून बसलेल्या तेथील गावांचे अकलूजशी मतदानाचे कोणतेही जुने नाते नव्हते. भालके यांच्यामागे गुरसाळे येथील विठ्ठल सहकारी साखर कारखान्याच्या सभासदांचे जाळे होते. शिवाय आमदाराने जागा सोडली तरी त्याचा कार्यकर्ता मत सोडतोच असे नाही. मते सातबाऱ्यावरील जमिनीप्रमाणे दुसऱ्याच्या नावे करता येत नाहीत, ही गोष्ट सहकाराच्या राजकारणात मुरलेल्यांच्याही ध्यानात येत नाही, याचे नवल वाटते.

माळशिरस आणि माढा

माळशिरस विधानसभा मतदारसंघात २०१९ मध्ये भाजपचे राम सातपुते यांनी राष्ट्रवादीचे उत्तमराव जानकर यांचा २,५९० मतांनी पराभव केला. २०२४ च्या लोकसभेस भाजपने माढ्यात विद्यमान खासदार रणजितसिंह नाईक-निंबाळकर यांनाच पुन्हा संधी दिल्याने धैर्यशील मोहिते-पाटील यांनी पक्ष सोडला व शरद पवार गटाकडून सुमारे एक लाख वीस हजार मतांनी ते निवडून आले. याच काळात जानकर आणि मोहिते-पाटील या जुन्या विरोधकांत समेट झाला. नोव्हेंबरमधील विधानसभा निवडणुकीत महायुतीला २८८ पैकी २३० हून अधिक जागा मिळत असताना माळशिरसमध्ये जानकर यांनी सातपुते यांना तेरा हजारांहून अधिक मतांनी हरविले. राज्याचा कल पाहून या तालुक्याचे भाकीत करणारा येथे फसला असता. येथील निकाल गटांच्या जुळणीत दडलेला होता.

राखीव मतदारसंघात या अघोषित पूर्वफेरीला आणखी एक पदर असतो. उमेदवार अनुसूचित जातीचा, पण त्याची निवड बहुधा साखर कारखाने, दूध संघ आणि बाजार समित्या ज्यांच्या हाती आहेत त्या घराण्यांच्या संमतीने होते. ज्या समाजासाठी जागा राखीव ठेवली, त्या समाजातील सामान्य मतदारास उमेदवारीच्या टप्प्यावर कोणतेही स्थान नसते. कायद्याने जागा राखीव केली आहे. निवडीचा पहिला अधिकार मात्र कोणासाठीच राखलेला नाही.